एका पगारावर जर्मनी : महिना निभतो, अडचण पहिल्या चार महिन्यांची

ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतातल्या कुशल कामगारांसाठीची वार्षिक व्हिसासंख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला होता. तेव्हापासून पुण्या-नाशकातल्या बऱ्याच घरांत रात्रीच्या जेवणानंतर एक हिशोब मांडला जातो. ऑफर वर्षाला ५४ हजार युरोंची आहे. माणसं तीन : नवरा, बायको आणि तीन वर्षांचं मूल. बायकोची इथली नोकरी सुटणार आणि तिथे भाषा येईपर्यंत दुसरी मिळणं अवघड. मग एकाच्या पगारात भागेल का? (कमावणारी बायको आणि घरी थांबणारा नवरा असला तरी आकडे तेच राहतात.)

महिन्याचं भागतं, बऱ्यापैकी भागतं. तरीही अशी कुटुंबं अडचणीत येतात आणि त्यामागे कारण वेगळंच असतं. विहिरीवरची मोटर कितीही ताकदीची असो, पंपात आधी पाणी भरल्याशिवाय ती पाणी उचलत नाही, नुसती गरम होते. जर्मनीतल्या संसाराचं तसंच आहे. सगळ्या सवलती आणि परतावे मिळतात, पण उशिरा. खर्च मात्र पहिल्या दिवशी दारात उभा असतो.

हातात किती येतात?

जर्मनीत पगार नेहमी कापाकापीच्या आधीचा सांगतात. वर्षाला ५४ हजार म्हणजे महिन्याला ४,५०० युरो. त्यातून दोन प्रकारच्या कपाती होतात.

पहिली कपात सामाजिक विम्याची. पेन्शनचे ९.३ टक्के, बेरोजगारी विम्याचे १.३, एका मुलाच्या पालकाला वृद्धसेवा विम्याचे १.८ आणि आरोग्य विम्याचे २०२६ च्या सरासरी दराने ८.७५. बेरीज होते सुमारे २१ टक्के, म्हणजे ९५० युरो. कंपनीही जवळपास तेवढीच रक्कम आपल्या खिशातून भरते.

दुसरी कपात आयकराची, आणि इथे एक शब्द शिकून घ्यावा लागतो : श्टॉयरक्लासं, म्हणजे करवर्ग. दरमहा पगारातून किती कर कापायचा हे तुम्ही कोणत्या वर्गात आहात त्यावर ठरतं. एकट्या माणसाचा वर्ग १. जोडीदार सोबत राहतो आणि कमवत नाही, अशांना वर्ग ३ मागता येतो. ४,५०० युरोंवर वर्ग १ मध्ये सुमारे ६६० युरो कर कापला जातो, वर्ग ३ मध्ये सुमारे ३१०. म्हणजे हातात येणारा पगार एकट्याला २,८९० च्या आसपास आणि कुटुंबाला ३,२४० च्या आसपास.

गोम अशी की वर्ग ३ आपोआप मिळत नाही. विवाहित जोडप्याची नोंद झाली की दोघांनाही वर्ग ४ लागतो आणि त्यात कर वर्ग १ इतकाच कापला जातो. ३ आणि ५ ची जोडी (कमावणाऱ्याला ३, जोडीदाराला ५) हवी असेल तर कर कार्यालयाकडे अर्ज करायचा, तो ऑनलाइनही होतो. अर्ज राहिला तर पैसे बुडत नाहीत, वर्षअखेरच्या विवरणपत्रातून परत मिळतात. पण एका पगारावर चालणाऱ्या घराला दर महिन्याचे ३५० युरो वर्षभर सरकारकडे ठेव म्हणून ठेवणं परवडत नाही.

त्यात भर पडते किंडरगेल्डची, म्हणजे बालभत्त्याची : २०२६ मध्ये दर मुलामागे महिना २५९ युरो. ब्लू कार्डधारकांना तो मिळतो. ब्लू कार्ड म्हणजे पदवीधर नोकरदारांचा निवास परवाना. त्यासाठी २०२६ ची पगाराची अट ५०,७०० युरो आहे. आयटी, अभियांत्रिकी अशा माणसं कमी असलेल्या क्षेत्रांत ती ४५,९३४ युरोंवर येते.

एकूण झाले साधारण ३,५०० युरो. युरो शंभर रुपयांना धरून चालू, हिशोब तोंडी करता येतो.

आणि जातात किती?

मध्यम खर्चाच्या शहरात दोन खोल्या-स्वयंपाकघराचं घर १,३०० युरोंना धरू. वीज आणि इंटरनेट १००. दूरदर्शन-रेडिओची वर्गणी १८ युरो ३६ सेंट. टीव्ही असो-नसो, ती दर घराला लागते आणि पत्र आल्यावर दुर्लक्ष केलं तर दंडासह वसूल होते. देशभर लोकल गाड्या आणि बसला चालणारा पास माणशी ६३, दोघांचे १२६. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं. किराणा-भाजी-दूध ६००. मोबाइल, औषधं, कपडे, मुलाचे बूट मिळून आणखी ३००. बेरीज २,४५० च्या आत राहते आणि हजारभर युरो उरतात. पुण्यातल्या फ्लॅटचा ४० हजारांचा हप्ता गेला तरी सहाशे.

म्युनिकमध्ये मात्र हेच गणित फिरतं. तिथे भाडं १,९०० धरलं तर हप्ता जाऊन हातात जवळजवळ काही उरत नाही. ५४ हजारांच्या ऑफरवर कुटुंबासह म्युनिकला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याच पगारात लायप्झिग किंवा न्युर्नबर्गला माणूस सुखाने राहतो.

"आरोग्य विमा तिघांचा म्हणजे तिप्पट ना?"

नाही. हीच गोष्ट जर्मनीला अशा कुटुंबांसाठी इतर देशांपेक्षा सोयीची करते. सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न देता विमाधारकाच्या कार्डावर येतात. रेशनकार्डावर नाव चढवल्यासारखंच : फॉर्म भरायचा, लग्नाचा दाखला आणि मुलाचा जन्मदाखला जोडायचा. खाजगी विम्यात प्रत्येक डोक्याचा हप्ता वेगळा असतो. ५४ हजार पगारवाल्याला नोकरदार म्हणून खाजगीत जाताच येत नाही, त्याला २०२६ मध्ये ७७,४०० च्या वर पगार लागतो. पगार तेवढा झाला आणि एजंटाने "तुमचा हप्ता निम्मा होईल" सांगितलं, तरी घरात तीन डोकी आहेत हे लक्षात ठेवा.

पुढे बायकोने छोटं काम धरलं तर? ‘मिनिजॉब’ नावाच्या कामात महिना ६०३ युरोंपर्यंत कमावता येतं आणि फुकटचा विमा टिकतो. त्याच्या वर गेलं की तिचा स्वतःचा विमा आणि हप्ता सुरू.

मग अडतं कुठे?

पहिल्या महिन्यांच्या साखळीत. तिची सुरुवात होते आनमेल्डुंगपासून, म्हणजे राहत्या पत्त्याच्या नगर कार्यालयातल्या नोंदणीपासून. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते आणि तिला घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं. नोंदणी झाली की दोन-तीन आठवड्यांनी टपालाने कर क्रमांक येतो. तो क्रमांक नसेल तर कंपनीला कर सर्वात चढ्या दराने, वर्ग ६ ने, कापावा लागू शकतो आणि ४,५०० पैकी हातात २,३५० च्या आसपासच येतात. म्हणजे वर्ग ३ पेक्षा आठ-नऊशे युरो कमी, तेही खिसा रिकामा असताना. दुरुस्ती पुढच्या पगारात होते, पण भाडं पहिल्या तीन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं.

बालभत्त्याच्या अर्जालाही अर्ज करणाऱ्या पालकाचा आणि मुलाचा कर क्रमांक लागतो. अर्जानंतर मंजुरीला काही आठवडे, कधी महिने जातात. मागची बाकी मिळते, पण फक्त अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांची. "स्थिरस्थावर झालो की करू" म्हणणारे मुलाचे पैसे कायमचे घालवतात.

म्हणून पहिल्या दिवसांसाठी फर्निचरसह घर घेताना एकच प्रश्न आधी विचारा, भाडं त्यानंतर : इथे नोंदणी करता येईल का? ‘नाही’ म्हणणारी स्वस्त जागा शेवटी महागात पडते.

रिकामं घर म्हणजे किती रिकामं?

आपल्याकडे भाड्याच्या घरात किमान ओटा, सिंक आणि पंखे असतात. जर्मनीत ‘विनाफर्निचर’ घर उघडलं की स्वयंपाकघराच्या भिंतीतून नळाची दोन टोकं आलेली दिसतात आणि छताला दिव्यांच्या जागी वायरी लोंबकळत असतात. ओटा, सिंक, शेगडी, कपाटं आधीच्या भाडेकरूने सोबत नेलेली असतात, नाहीतर तो ती तुम्हाला विकायला तयार असतो. ही विक्रीची रक्कम भाव करण्याजोगी असते, पण त्या किचनचा फोटो आणि वस्तूंची यादी लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. जुनं किचन काढून आणून बसवायला, वाहतूक आणि नळजोडणी धरून, दीड हजार युरो बाजूला ठेवावेत. मजुरी महाग आहे, सुतार "येतो जरा संध्याकाळी" म्हणत नाही.

जाहिरातीत दोन भाडी दिसतात. ‘थंड भाडं’ हे नुसत्या जागेचं. ‘गरम भाडं’ म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिना सफाई वगैरे मिळवून. वीज बहुधा दोन्हींत नसते. गरम भाड्यातला जादा भाग हा आगाऊ अंदाज असतो. वर्षभराचा खरा हिशोब नंतर येतो आणि हीटर चालू ठेवून खिडकी किलकिली ठेवणाऱ्यांना त्यात काही शे युरो भरावे लागतात. खिडकी दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडायची आणि मग घट्ट बंद करायची. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यावर तर नक्कीच, नाहीतर जानेवारीत कोपऱ्यातल्या थंड भिंतीवर बुरशी धरते आणि रंगाचा खर्च डिपॉझिटमधून जातो.

डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं थंड भाडं. थंड भाडं १,०५० असेल तर ३,१५० युरो. फार कमी जणांना ठाऊक असतं, पण हे तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. दलालाची फी, २०१५ पासूनच्या कायद्यानुसार, ज्याने दलाल नेमला तो देतो आणि तो बहुतेक वेळा मालकच असतो. "मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल" असं सांगणारा मालक शंभर टक्के भामटा समजावा.

तर हातात किती हवेत?

तिघं एकदम निघाली तर : विमानाची तिकिटं आणि व्हिसा मिळून दोन लाखांच्या आत-बाहेर. दोन महिने फर्निचरसह घर, महिना १,८०० प्रमाणे ३,६०० युरो. मग पक्क्या घराचं डिपॉझिट ३,१५०, पहिलं भाडं १,३००, किचन १,५००. पलंग, गाद्या, फ्रीज, वॉशिंग मशीन, दिवे बरेचसे जुने घेतले तरी २,०००. पहिला पगार महिनाअखेरीस येईपर्यंतचं खाणं-फिरणं ९००. म्हणजे साडेबारा हजार युरो, तिकिटांसह साडेचौदा लाख रुपये. मधल्या दोन पगारांतून यातले काही भरून निघतात, पण दहा लाख रोख जवळ नसताना मुलाला घेऊन तिघांनी एकदम विमानात बसू नये.

एक जण आधी गेला तर? तो ७०० युरोंच्या नोंदणीयोग्य खोलीत राहतो, कर वर्ग १ मध्ये भरतो, २,८९० मधून महिना दीड हजार बाजूला टाकतो. तीन महिन्यांत साडेचार हजार युरो जमतात, घर शोधायला प्रत्यक्ष हजर राहता येतं आणि घरमालक ज्या तीन पगारचिठ्ठ्या मागतो त्याही तयार होतात. नव्या माणसाकडे तिथला कर्ज-इतिहास नसतो, त्यामुळे त्या चिठ्ठ्याच त्याची पत. बरोबर नेण्याची रक्कम पाच-सहा लाखांवर येते. चार महिन्यांच्या विरहाला ही किंमत रास्त आहे.

यात एक बारीक गोष्ट फायद्याची. जोडीदार वर्षाच्या मध्यात आला, तरी त्या संपूर्ण वर्षाचं करविवरण दोघांना एकत्र भरता येतं. आधीच्या महिन्यांत वर्ग १ मध्ये जादा कापलेला कर त्यातून बऱ्यापैकी परत येतो. त्याच वर्षी जोडीदाराने भारतात कमावलेला पगार मात्र दाखवावा लागतो, कारण त्याने कराचा दर थोडा चढतो.

"नोकरीच गेली तर?"

हा प्रश्न लोक सर्वात शेवटी विचारतात आणि तो सर्वात आधीचा आहे. बहुतेक नोकऱ्यांना सहा महिन्यांचा परीक्षा काळ असतो आणि त्यात कंपनी दोन आठवड्यांच्या नोटिशीवर, कारण न देता, नोकरी संपवू शकते. घर सोडायला मात्र भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. पगार चौदा दिवसांत थांबतो, भाडं नव्वद दिवस चालू राहतं. शिवाय बेरोजगारी भत्ता, मूल असेल तर निव्वळ पगाराच्या ६७ टक्के, मिळायला मागच्या अडीच वर्षांत किमान बारा महिने विमा भरलेला लागतो. पहिल्या वर्षात हे कवच नसतं.

म्हणून तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे साडेसात हजार युरो, परीक्षा काळ संपेपर्यंत कुठेही गुंतवू नये. तो भारतातल्या मुदत ठेवीत राहिला तरी चालेल, फक्त मोडता आला पाहिजे. दुसरी नोकरी शोधायला ब्लू कार्डधारकाला काही महिने मिळतात; परदेशी नागरिक कार्यालयाला लगेच कळवणं बंधनकारक आहे. लपवून ठेवणाऱ्याचं नूतनीकरणाच्या वेळी अडतं.

कागदांत आपलं मराठी नाव अडखळतं

जर्मन कार्यालयात माणसाला नाव आणि आडनाव असतं, मधलं नाव ही कल्पनाच नाही. आपल्या पासपोर्टवर ‘आरव राहुल’ हे दोन्ही शब्द नावाच्या रकान्यात असतात, म्हणून पाळणाघरात मुलाला सगळे ‘आरव राहुल’ म्हणून हाक मारतात. त्याने बिघडत काही नाही. बिघडतं आईच्या कागदांत. लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मुलाच्या जन्मदाखल्यावर आईच्या रकान्यात नुसतं ‘स्नेहल’. ही एकच बाई आहे हे जर्मन कारकुनाने कशावरून मानावं? निघण्याआधी महापालिकेतून जन्मदाखल्यात आईचं पूर्ण नाव दुरुस्त करून घ्या आणि दाखले इंग्रजीसह द्विभाषिक घ्या. जर्मन फॉर्मवर ‘जन्मनाव’ असा रकाना येईल, तिथे माहेरचं आडनाव. भारताच्या अपॉस्टिल शिक्क्याला, म्हणजे दाखला परदेशात खरा धरला जावा म्हणून मारतात त्या सरकारी शिक्क्याला, जर्मनीने हरकत घेतलेली आहे, त्यामुळे नुसता तो शिक्का मारून आणलेला दाखला तिथे पुरेसा धरला जात नाही. मूळ प्रती हातातल्या बॅगेत ठेवा.

मुलाचं लसीकरण कार्डही त्याच बॅगेत. २०२० पासून जर्मनीत गोवराच्या लसीचा पुरावा नसेल तर पाळणाघरात प्रवेश मिळत नाही.

पैसे नेताना

भारतातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर, वर्षाला १० लाख रुपयांच्या वर, बँक २० टक्के कर आगाऊ कापते. तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पण वर्षभर अडकतो. ही मर्यादा प्रत्येक पॅनला वेगळी आहे. बारा लाख एकाच खात्यातून पाठवले तर दोन लाखांवरचे ४० हजार अडकतात. नवरा-बायकोने आपापल्या पैशांतून सहा-सहा पाठवले तर काहीच नाही. पुढे अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं अनिवासी खात्यात बदलून घ्यावं लागतं. चालू पीपीएफ मुदत संपेपर्यंत भरत राहता येतो, नवा उघडता येत नाही.

"आणि बायकोच्या करिअरचं?"

ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला येण्यासाठी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्यावर कोणतंही काम करण्याची पूर्ण परवानगी असते. कागदावर दार सताड उघडं आहे, भाषेविना मात्र त्यातून आत जाता येत नाही. सरकारी एकात्मीकरण वर्ग साधारण ७०० तासिकांचा, तासिकेला २.२९ युरो, म्हणजे १,६०० युरो. पण मूल घरी असेल तर वर्गाला जायचं कसं? वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघराच्या जागेचा कायदेशीर हक्क आहे, तरी जागा प्रत्यक्षात मिळायला अनेक शहरांत महिनोन् महिने लागतात. शुल्कही शहरागणिक वेगळं : बर्लिनमध्ये जेवणाचा किरकोळ खर्च सोडला तर फुकट, इतरत्र उत्पन्नानुसार.

तेव्हा जे चार महिने कुटुंब मागे आहे, ते वापरायचे ते इथे. पत्त्याची नोंद झाली की त्याच आठवड्यात पाळणाघराच्या प्रतीक्षा यादीत मुलाचं नाव घालायचं, मूल अजून कोथरूडला आजीकडे असलं तरी जिथे चालतं तिथे. आणि मागे राहिलेल्या जोडीदाराने पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात किंवा कुठल्याही बऱ्या क्लासात जर्मनच्या पहिल्या दोन पातळ्या उरकायच्या. घर लागलं, पलंग जोडला, सिंकला पाणी आलं, की मग तिकीट काढायचं.